सलामीचा बार

सावली, जि. चंद्रपूर
१२ ऑगस्ट २०२४

प्रति,
श्री. अंकुश भोयर,
माजी सुभेदार, वैनगंगा पलटण,
मुक्काम चाकण.

विषय : शिक्षेची मुदत संपल्याबाबत.

महोदय,

७ जुलै रोजी सांगलीच्या पलटणीबरोबर आपली ऑनलाइन लढत होती. दोन्ही बाजूंचे कर्णधार मैदानाच्या मध्यभागी येऊन एकमेकांना सलामी देत असताना संगणक क्रमांक सातवरून, म्हणजे आपल्या जागेवरून, बंदुकीचा बार उडाला आणि सांगलीचे कर्णधार (सेवानिवृत्त शिक्षक) हात कपाळाला लावलेल्या स्थितीतच आडवे झाले. लढत रद्द झाली व लढती भरवणाऱ्या मंडळाने आपल्या पलटणीला समज दिली. नियम चारचा (‘ओळीतल्या कोणीही हुकमाशिवाय बार काढू नये’) भंग केल्याबद्दल आपल्याला सुभेदारपदावरून उतरवून एक महिन्यासाठी निलंबित करण्यात आले होते. ही मुदत ८ ऑगस्टला संपली असून आपण पुन्हा रुजू होऊ शकता.

कार्यालयीन भाग इथे संपला. दादा, पत्र लिहायची वेळ तूच आणलीस. तू मला फोनवर, मेसेजमध्ये आणि खेळातसुद्धा ब्लॉक केलं आहेस. टपालात तशी सोय नाही, हे मी पोस्टात विचारून घेतलं आहे.

परवा तू मायशी अर्धा तास बोललास. माझ्याबद्दल काही विचारलंस का, असं मी तिला नंतर सहज विचारलं. ती म्हणाली, “पाऊस किती झाला ते इचारलं.” अर्धा तास पाऊस?

हे बघ, मी बहीण म्हणून निकाल दिला नव्हता. पलटण आपण दोघांनी काढली. खेळ तू आणलास, नियमावली मी आणली. तू तेव्हाही हसला होतास, “खेळाले काऊन लागते वो नियमावली? बी.ए. झाली तं आता आम्हाले परीक्षा देशील का?” पण आपल्या घरात पहिल्यांदा कोणी पदवी घेतली आणि तिनेच भावाला सूट दिली, तर शिकून काय उपयोग? सुनावणीत तू एक शब्द स्वतःच्या बाजूने बोलला नाहीस. “हो, सात नंबर माझाच होता,” एवढं म्हणालास आणि ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी गाडी धरलीस. मी त्याला उद्धटपणा म्हणते.

१५ सप्टेंबरला कोल्हापूरशी लढत आहे. बारा माणसं ओळीत उभी राहिली नाहीत तर मंडळ आपलं नाव कापणार. कॉलेजची पोरं चंद्रपूर-नागपूरला गेली. माझ्याकडे तीन जण आहेत, त्यांत एक मी. चाकणहूनही तुला आपल्याकडून खेळता येतं. विचार कर.

आपली विश्वासू,
रंजीता भोयर, बी.ए.
पलटणप्रमुख


सावली
४ सप्टेंबर २०२४

दादा,

उत्तर आलं नाही. पोळ्यालाही तू आला नाहीस. मायने तुझ्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या मी खाल्ल्या.

तू चाकणच्या भीमाकाठ पलटणीत गेलास, हे मला मंडळाच्या यादीवरून कळलं. तुझ्या नावापुढे ‘नवीन शिपाई’ लिहिलं आहे. मला काही वाटलं नाही. पलटण निवडायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे (नियम पंधरा).

आपल्याकडे आता बारा जण झाले. कोण ते वाचून हसू नकोस. मायची धान रोवण्याची टोळी.

तालुक्यातला रोवणा आटोपला. कापणीला अजून दोन महिने. बाया दुपारच्या आपल्या ओसरीवर येऊन बसतात. मी एकदा वैतागून म्हटलं, “तीन माणसांची काय ओळ होते?” अन्नपूर्णाबाईने विचारलं, “कायची ओळ वो रंजीता?” मग मी त्यांना सगळं समजावलं. जुन्या काळच्या पलटणी असतात, खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभ्या राहतात. समोरून दुसरी ओळ येते. कोणी पळायचं नाही, एकट्याने पुढे जायचं नाही, झाडामागे लपायचं नाही. कर्णधार ‘बार भरा’ म्हणाला की सगळ्यांनी भरायचा, ‘नेम धरा’ म्हणाला की धरायचा, ‘सोडा’ म्हणाला की एकदम सोडायचा. ज्यांची ओळ मोडली ते हरले.

अन्नपूर्णाबाई म्हणाली, “एवढंच? आम्ही दीड महिना चिखलात दुसरं काय करून राह्यलो होतो?”

माझ्या कॉम्प्युटर क्लासचे मालक सोमाजीभाऊ रविवारी खोली द्यायला नेहमीसारखेच तयार झाले, पण बाया चपला काढून रांगेने आत येताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. “रंजीता, हे चौदा कॉम्प्युटर मी विद्यार्थ्यांसाठी घेतले हायेत वो,” म्हणाले. मी म्हटलं, “भाऊ, ह्याही विद्यार्थीच.” अन्नपूर्णाबाईने तेवढ्यात त्यांना कीबोर्डवरची धूळ बोटाने दाखवली. ते फडकं आणायला गेले.

कळा लक्षात राहीनात, म्हणून मी टिकल्या चिकटवल्या. पुढे जायच्या कळेवर हिरवी, मागे जायच्या कळेवर लाल. पहिल्याच सरावात एक अडचण निघाली. पुढे चालताना यांची ओळ वाकडी होते. कोणी अर्धं पाऊल पुढे, कोणी झाडात. मागे जाताना मात्र दोरी लावल्यासारखी सरळ राहते. मी तीन रविवार समजावते आहे. सुकरीबाईचं म्हणणं असं, “बांधीत मांगं मांगंच सरकाव लागते बाई. सामने गेलं तं रोवलेल्या धानावर पाय पडते.” इथे धान नाही, म्हटलं. तरी त्यांचं बोट लाल टिकलीवरच जातं.

माय दर रविवारी सगळ्यांना घेऊन येते, पण स्वतः खुर्चीवर बसत नाही. मागे उभी राहून “सरका वो, मांगं वो,” करते. तिचं ऐकतात. माझं ऐकत नाहीत.

सात नंबर रिकामा ठेवला आहे. विशेष कारण नाही, त्याचा माऊस अडकतो.

रंजीता


सावली
१७ सप्टेंबर २०२४

दादा!

जिंकलो! कोल्हापूरला हरवलं! मी हे उभ्यानेच लिहिते आहे.

मैदान मोठं होतं, मागे नदी. मी हुकूम दिला, “पुढे चला.” आपली ओळ मागे निघाली. मी माईक झाकून ओरडले, “हिरवी! हिरवी टिकली!” मागून माय म्हणाली, “जाऊ दे वो त्याहिले, चांगल्या चालून राह्यल्या.” कोल्हापूरवाल्यांना वाटलं आम्ही भिऊन माघार घेतो आहोत. ते धावत सुटले. धावल्यावर ओळ राहते का? एक पुढे, दोन झाडापाशी, कर्णधार भलतीकडेच. बाया नदीच्या काठाला टेकल्या तेव्हाच थांबल्या. “आली वो धुरी,” अन्नपूर्णाबाई म्हणाली, जणू बांधीचा काठच आला. मागे जायला जागा नव्हती म्हणून मी म्हटलं, “नेम धरा. सोडा!” कोल्हापूरचे एकेक करून समोर येत गेले आणि एकेक करून आडवे झाले. आपल्या दोघीच गेल्या. त्यांतली एक सुकरीबाई. ती मेल्यावर उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेली.

मंडळाने लिहून विचारलं आहे की ही उलट्या पावलांची माघार कोणत्या युरोपियन कवायतीच्या पुस्तकातली आहे. मी खरं ते कळवलं : धानाच्या रोवण्यातली.

तुला युक्ती सविस्तर लिहिते, कारण तुला आवडेल. समोरच्याने पाठलाग केला तरच ती लागू पडते. तो जागेवरच थांबला तर आपलं काही चालणार नाही. पण हे कोणाला सुचणार?

आता ६ ऑक्टोबरला लढत आहे. कोणाशी ते तुला माहीत आहेच. तुझ्यावर बार काढायचा हुकूम मला द्यावा लागेल. मी देईन. पण त्याआधी तू एक फोन करावास, असं मला वाटतं. निकाल बरोबर होता हे तू मान्य केलंस की मी सगळं विसरायला तयार आहे.

रंजीता

ता. क. मायला सांगितलं की तुला सगळं कळवलं. ती म्हणाली, “त्याले एवढंच इचार, सांगलीचे ते मास्तर बरे हायेत का.” तिला मध्येच ते का आठवले, कोण जाणे.


सावली
३० सप्टेंबर २०२४

दादा,

हे पत्र मी चार वेळा सुरू करून फाडलं.

काल सराव होता. सुकरीबाई लेकीच्या बाळंतपणाला मूल गावी गेली, म्हणून एक जागा कमी पडली. मी मायला म्हटलं, “तूच बस आता. सातवर.”

“मी नाई बसत.”

“काऊन?”

“नाई बसत म्हटलं ना.”

मी हट्टाने तिचा हात धरला. तिने तो हिसडून सोडवला. बाया बघायला लागल्या. अन्नपूर्णाबाईने सगळ्यांना बाहेर काढलं, सोमाजीभाऊंनाही, आणि दार ओढून घेतलं. मग माय उभ्या उभ्याच बोलली.

“त्या दिवशी मी बांधीतून सरळ इकडं आली होती, तुमच्यासंगं घरी जाव म्हणून. तू सामने कानाले ते लावून बसली होती, तुले दिसलीही नाई मी. अंकुश पाण्याची कॅन आणाले बाहेर गेला. माझी कंबर गेली होती. त्याची खुर्ची दिसली, बसली. हात कुठी ठेवाव समजलं नाई, त्या माऊसवर ठेवला. ठो झालं अन् तो माणूस पडला.”

मी सात नंबरची खुर्ची बाजूला सरकवली.

“खेळ हाय हे मले समजते वो, मी काई येडी नाई. पण रामराम घालून राह्यला होता तो बिचारा! रामराम घालणाऱ्याले कोणी मारते का? अंकुश धावत आला, मले उठवलं, म्हणे, ‘माय, तू बोलू नको, मी पाहून घेतो.’”

मी विचारलं, “मग सुनावणीच्या दिवशी मला का नाही सांगितलंस? तू घरीच होतीस.”

तिने कीबोर्डवरची सुटत आलेली लाल टिकली बोटाने दाबून बसवली. “तू सकाळपासून जेवली नव्हती. लाल रजिस्टर काखेत घेऊन गेली. चेहरा पाह्यला मी तुझा. ऑफिसातल्या सायबाचं वाटते ना, तसं भेव वाटलं मले तुझं.”

दादा, फॉर्मवर कसा अंगठा द्यायचा हे विचारायलासुद्धा जी बाई कधी कोणाला भ्यायली नाही, जिने तलाठ्याला भर चौकात उभं केलं होतं, तिला माझं भेव वाटलं. मला वाटत होतं, मी शिकले म्हणून ती आता कोणाला भिणार नाही.

तू ‘मी बार काढला’ असं म्हणालाच नव्हतास. ‘सात नंबर माझाच होता’ म्हणालास. मी रजिस्टर काढून पाहिलं. मी स्वतःच तसंच लिहिलं आहे, अवतरण चिन्हांत. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

निकाल चुकीचा होता. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू फोन करावास असं जे मागच्या वेळी लिहिलं, ते खोडलेलं समज.

रंजी


सावली
७ ऑक्टोबर २०२४

दादा,

कालचं सगळं तू पाहिलं आहेसच, पण समोरून. आमच्या बाजूने कसं झालं ते लिहिते. फोनवर तू मला बोलू कुठे दिलंस?

नवरात्र असल्यामुळे निम्म्या बाया उपाशी आणि अनवाणी. पंच म्हणून मंडळाने नेमके सांगलीच्या सरांना पाठवलं होतं. सलामीसाठी मी मैदानाच्या मध्ये गेले. तुमचे कर्णधार समोर. मी माईकवर म्हटलं, “लढतीआधी मला एक निवेदन करायचं आहे.” कागदावर दीड पान लिहून नेलं होतं. दोन ओळी वाचल्या आणि पुढची ओळच सापडेना. एवढ्यात मागून मायने माझ्या डोक्यावरून तो हेडफोन उतरवला आणि माईक तोंडाशी धरला.

“मास्तर, रामराम. मी अंकुशची माय, भागीरथा. तो बार माझ्या हातून उडाला होता. तुम्ही रामराम घालून राह्यले होते, अन् मी तुम्हाले पाडलं. पोराचा काई दोष नाई.”

ऐंशी माणसं बघायला जोडलेली होती. मग सरांचा आवाज आला, “बाई, मी पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली. पोरांनी पाठीत खडू मारले. समोरून कोणी मारलेलं ते पहिलंच. रामराम.” आमच्या खोलीत सगळ्यात आधी सोमाजीभाऊ हसले.

मी दीड पानाचं राहिलेलं वाचलं. तुझा निकाल रद्द, सुभेदारपद परत. आणि चुकीचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने साधा शिपाई व्हावं, हा नवा नियम. तो मी तिथेच लिहिला आणि तिथेच लागू केला. मायला कर्णधार केलं आणि मी सातवर जाऊन बसले. त्याचा माऊस खरंच अडकतो.

मग लढत. आमची ओळ मागे निघाली, आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. आम्ही मैदानाच्या या टोकाला, तुम्ही त्या टोकाला. सरांनी विचारलंसुद्धा, “दोन्ही पलटणी जेवायला बसल्या आहेत काय?” बाया माझ्याकडे बघायला लागल्या. “रंजीता, हे मांगं काऊन येऊन नाई राह्यले?”

मला तेव्हा उमगलं. युक्ती मी स्वतःच शत्रूला लिहून पाठवली होती, पोस्टाचं तिकीट लावून. आणि दादा, मी हसले. अन्नपूर्णाबाईला वाटलं मला भोवळ आली. पण तुम्ही थांबलात याचा अर्थ, तू माझी पत्रं फाडली नाहीस. वाचलीस. पार शेवटपर्यंत वाचलीस.

आता मागे जायला जागा नव्हती. माय म्हणाली, “ही बांधी सरली. फिरा वो, त्या बांधीत चला.” आणि सगळ्या फिरल्या, तुमच्याकडे पाठ करून, आणि लाल टिकली दाबून मांगं मांगं तुमच्या दिशेने निघाल्या. मी नियमावलीत शोधलं असतं, पण वेळ नव्हता. मीही फिरले. बारा पाठी, एका रेषेत, अशा तुमच्यावर चालून आल्या. तुमचे कर्णधार माईकवर विचारत होते, “सर, पाठीवर बार काढायचा का? शोभतं का ते?” सर म्हणाले, “नियमात मनाई नाही, पण मी असतो तर काढला नसता.” तेवढ्या चर्चेत आम्ही वीस पावलांवर आलो. “आता फिरा,” माय म्हणाली, “अन् पाडा त्याहिले.” हुकुमाचे शब्द ती पार विसरली होती, पण कळलं सगळ्यांना.

मी फिरले तर समोर तू. निळा कोट, नावावर ‘अंकुश’. माझा बार भरलेला होता. बोट माऊसवर होतं. माऊस अडकला, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

तुमच्या कर्णधारांनी हुकूम दिला नव्हता. मी नीट ऐकत होते. तरी एकच बार उडाला, आणि माझ्या पडद्यावर अक्षरं आली : ‘अंकुशने रंजीताला मारले.’

तीन महिन्यांनी तू माझ्याशी साधलेला तो पहिला संपर्क.

मी मेले आणि खुर्चीत बसून रडायला लागले. सुकरीबाईच्या जागी आलेली नवी बाई मला समजावत होती, “खेळ हाय वो पोरी, असं कोणी मरते का?” आम्ही दोन माणसांनी हरलो. बायांना ते मान्य नाही. त्यांच्या मते बांधी आपणच आधी संपवली.

मग मायचा फोन वाजला. तिने तो माझ्या हातात दिला. तू म्हणालास, “मेलीस का?” मी म्हटलं, “हो.” “बरं झालं. आता मेलेल्या माणसानं मंधात बोलायचं नाई.” आणि तू अर्धा तास मला झापलंस. काय काय म्हणालास ते इथे लिहीत नाही, त्यातलं बहुतेक खरं होतं. तुझी मंडळाकडे तक्रार करावी लागेल म्हटलं, तर म्हणालास, “कर. नियम चार. दिवाळीले घरी येतो, तवा रजिस्टर घेऊन बस.”

पण एक राहिलं. मला माफ कर, हे मी फोनवर म्हणू शकले नाही. म्हणून हे पत्र. तू खोटं न बोलता मायला वाचवलंस, आणि मी खरं शोधायच्या नादात तुला घराबाहेर काढलं. मला माफ कर, दादा.

एवढं लिहून झालं तेव्हा माय समोर येऊन बसली. इतके दिवस मी तुला काय लिहिते हे तिने कधी विचारलं नव्हतं. आज म्हणाली, “वाचून दाखव.” मी सुरुवातीपासून वाचलं. सरांच्या खडूला ती हसली. अन्नपूर्णाबाईचं ऐकून म्हणाली, “तिले नको वाचू, डोक्यावर बसन.” मग माफीपर्यंत आले.  तिने निवडायला घेतलेलं सूप उचललं आणि उठता उठता म्हणाली, “बरं लिवलं. त्याले कागदावर माफी धाडून राह्यली. अन् भेव मले वाटलं होतं, मी तं इथीच बसली हावो तीन महिन्यांपासून.”

रागाने नाही, सहज म्हणाली. आता आत तांदूळ निवडते आहे, आवाज येतो आहे.

पत्र इथेच थांबवते, दादा. मला आत जायचं आहे.

तुझी,
रंजी